आत्याच्या चपला

पणजीत घर असलं की मे महिन्यात पाहुणे येतातच. यंदा पुण्याची आत्या आली. "तो समुद्र-बिमुद्र नको. जुनं गोवं दाखव," म्हणाली. मी खूश! पुढे काय वाढून ठेवलंय हे कळलं असतं, तर तिला मिरामारच्या वाळूत बसवून आलो असतो.

बॉम जेझू चर्चच्या दारातच तिने चपला काढल्या.

"आत्या, इथे नाही काढत."

"का? आत देव नाही?"

१६०५ साली अभिषेक झालेल्या बासिलिकेच्या दारात या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी काही पाद्री नव्हे. चपला माझ्या हातात आल्या. सगळी गर्दी सेंट झेवियरचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे बघत होती, मागचं एक पोर तेवढं माझ्या हाताकडे.

रस्त्यापलीकडे सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये तर तिने मलाच गार केलं. तिथली जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा, वर घराण्यांची चिन्हं कोरलेली. "मेलेल्यांच्या अंगावरून चपला घालून फिरताय रे!" आता यावर काय बोलणार? मीही बूट काढले. हातात दोन जोड. बाहेर तापलेल्या फरशीवर आत्याबाई टाचांवर उड्या मारत झाडाखाली पोचल्या, मागून मी.

मंगेशीला जाताना मी ज्ञान पाजळलं. "देव मूळचा कुठ्ठाळीचा. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले, म्हणून १५६० साली त्याला जुवारी नदीपलीकडून इकडे आणलं."

"इकडे कुणाचं राज्य होतं?"

"आदिलशहाचं."

आत्या बाणस्तारीपासून मंगेशीपर्यंत गप्प. शाळेत तिला शिकवलेल्या आदिलशहाच्या खात्यावर ही रक्कम जमाच नव्हती. फोंड्याची साफा मशीद त्यानेच त्याच साली बांधली, हे सांगितल्यावर म्हणाली, "मग तिथेही जाऊ." गेलो. पायरीपाशी चपला काढायची रीतसर सोय. मी सुटकेचा श्वास सोडला.

"इथे नको बाबा, चोरीला जातील. तूच धर."

संध्याकाळी फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून घरी परतत होतो. पाय भाजलेले, पोटात भूक. वळणावर एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, दिसला, पायथ्याशी पणती आणि झेंडूचा हार. आत्या थांबली.

मी काही न बोलता हात पुढे केला.