खुलासा : पहिलं मनगटी घड्याळ १९०४ सालचं नाही

‘ब्राझीलचे वैमानिक सांतोस-द्युमाँ यांच्यासाठी लुई कार्टिये यांनी १९०४ मध्ये जगातलं पहिलं मनगटी घड्याळ बनवलं, त्याआधी सगळे खिशातलंच वापरत,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातला अर्धा भाग खरा आहे. विमानाची सुकाणं दोन्ही हातांत असताना खिशातून घड्याळ काढून बघणं अवघड, ही सांतोस-द्युमाँ यांची अडचण खरी होती आणि कार्टिये यांनी त्यांना घड्याळ करून दिलं हेही खरं. पण ते पहिलं नव्हतं.

नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० मध्येच पॅरिसचे घड्याळजी ब्रेगे यांच्याकडे मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं होतं. पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीने १८६८ मध्ये हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठी असंच एक घडवलं. ही बायकांची घड्याळं होती, दागिन्यात मोजली जायची. म्हणूनच ती इतिहासातून सहज गळतात, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आणलं ते मुख्यतः युद्धांनी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले (१८९९-१९०२) सैनिक खिशातलं घड्याळ चामड्याच्या खोबणीत बसवून हाताला बांधत. पहिल्या महायुद्धात तर ही सवयच झाली.

‘अचूक वेळ हवी तर खिशातलंच’ हा त्याच मजकुरातला सल्लाही जुना झाला. लहान यंत्राबद्दल तेव्हा अशी शंका होती खरी. पण १९१४ मध्येच रोलेक्सच्या एका मनगटी घड्याळाला इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने अचूकतेचं ‘अ’ श्रेणीचं प्रमाणपत्र दिलं होतं.