‘रोज दोन तास, महिना तीस हजार’: सीमाभागातील विद्यार्थ्यांना दाखवल्या जाणाऱ्या आमिषाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील महाविद्यालयीन मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत प्रवेशाचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर मात्र तोच असतो: ‘कमवा व शिका. कॉलेज सांभाळून रोज दोन तास मोबाईलवर काम करा आणि महिन्याला ३०,००० रुपये मिळवा. अनुभव, भाषा, वय कशाचीच अट नाही. अभ्यासाचे नुकसान नाही. कंपनी सरकारमान्य आहे. नोंदणी फक्त ९९९ रुपये, पहिल्या पगारात परत. बेळगावात दुकानात राबून हातात काही पडत नाही, म्हणून हुशार मुले हा मार्ग धरतात.’ यातले शेवटचे वाक्य अगदीच खोटे नाही आणि त्याच्याच आधाराने बाकीची वाक्ये खपून जातात. म्हणून त्या वाक्याकडे सर्वांत शेवटी आणि जरा सविस्तर येऊ.

आधी आकडा तपासू. रोज दोन तास म्हणजे महिन्याचे ६० तास. ३०,००० रुपयांना ६० ने भागले की तासाला ५०० रुपये पडतात. याच दराने एखादा माणूस दिवसाला आठ तास, महिन्याचे २६ दिवस काम करू लागला, तर त्याचा पगार १,०४,००० रुपये होईल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रावर हात बसलेल्या कारागिराला किंवा बी.एड. करून खासगी शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेला जो दर स्वप्नातही दिसत नाही, तो दर पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षातील अननुभवी मुलाला कोणी का द्यावा, हा प्रश्न संदेश पुढे पाठवण्याआधी विचारायला हवा. शिवाय काम कोणते, तर चित्ररूपात आलेले अर्ज पाहून टंकलेखन करणे, जे आज संगणक स्वतःच काही क्षणांत करतो. ज्या कामाला गिऱ्हाईकच नाही त्याचा पगार येणार कोठून? उत्पन्न दुसरीकडेच असते. हजार मुलांनी ९९९ रुपये भरले की ९,९९,००० रुपये जमतात, आणि त्यासाठी कोणाकडूनही एक ओळसुद्धा टंकून घ्यावी लागत नाही.

नोंदणी शुल्काचे समर्थन करताना काही मुले सांगतात की सरकारी भरतीलाही शुल्क असतेच. ते परीक्षेचे शुल्क असते; नोकरी मिळेलच असे आश्वासन त्याच्या बदल्यात कोणी देत नाही. येथे मात्र नोकरी दिली असे सांगून पैसे घेतले जातात, आणि मग ‘प्रशिक्षण’, ‘ओळखपत्र’, ‘सुरक्षा ठेव’ अशी एकेक नवी मागणी पुढे येते. काही वेळा उलट्या बाजूने सुरुवात होते. व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला तारे द्या, अशी किरकोळ कामे देऊन शंभर-दोनशे रुपये खरोखर पाठवले जातात. ‘मला तर पैसे मिळाले’ असे मित्राला ठामपणे सांगणारा मुलगा याच टप्प्यावर असतो. त्यानंतर मोठ्या कामासाठी आधी रक्कम भरायची अट येते आणि भरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी आणखी रक्कम मागितली जाते. एक साधी गोष्ट येथे उपयोगी पडेल: यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

‘वयाची अट नाही’ हा दावा उदारपणाचा वाटतो, पण तोच सर्वांत उघडा पडणारा आहे. या कामांत बहुधा मोबाईलवरच एका करारावर सही घेतली जाते. आठवड्यात इतके अर्ज, ९५ टक्क्यांहून अधिक अचूकता, अशा अटी त्यात असतात. काम सादर केल्यावर अचूकता कमी भरल्याचे कळवले जाते आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस येते: भरपाई द्या, नाहीतर पोलीस घरी येतील. घाबरून आईच्या डब्यातले पैसे काढून देणारी मुले या नोटिशीचीच शिकार असतात. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या ११ व्या कलमानुसार करार करण्यास सज्ञान असणे आवश्यक आहे. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ सालीच स्पष्ट केले. पीयूसीतली बहुतेक मुले याच वयाची असतात. अठरा पूर्ण झालेल्यालाही फसवून घेतलेली संमती रद्द करून मागता येते. करारभंग हा दिवाणी विषय आहे आणि केवळ अचूकता कमी भरली म्हणून पोलीस कोणाच्या दारात येत नाहीत.

‘कशाचीच अट नाही’ या दाव्याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. काही संदेशांत कामच नसते. ‘फक्त बँक खाते द्या, प्रत्येक व्यवहारामागे कमिशन घ्या’ एवढेच असते. दुसऱ्याला लुबाडून मिळवलेला पैसा अशा खात्यांतून फिरवला जातो. तक्रार झाली की माग काढत पोलीस सर्वांत आधी पोचतात ते खातेदारापर्यंत, कारण आधार, पॅन आणि छायाचित्र त्याचेच जोडलेले असते. खाते गोठवले जाते, आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत बहुधा त्याच आधार-जोडलेल्या खात्यावर शिष्यवृत्ती येणार असते. कर्नाटकात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या रयत विद्यानिधी योजनेत पदवीच्या मुलाला वर्षाला ५,००० आणि मुलीला ५,५०० रुपये ठरवले गेले. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या विद्यासिरी योजनेत निवास-भोजनासाठी महिन्याला १,५०० रुपये, दहा महिने, असे सुरुवातीला ठरले होते. कमिशनच्या चार पैशांसाठी ही हक्काची रक्कम अडकवून घेणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा सौदा आहे.

‘सरकारमान्य’ या शब्दावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सोबत जोडलेले प्रमाणपत्र बहुतेक वेळा उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे असते. २०२० पासून ही नोंदणी संकेतस्थळावर विनाशुल्क आणि स्वयंघोषणेवर होते. व्यवसाय खरा आहे की खोटा याची ती ग्वाही देत नाही. ‘कमवा व शिका’ या नावाचा वापर मात्र मनाला लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहातील मुलांच्या श्रमातून त्यांचे शिक्षण उभे केले. विद्यार्थ्याकडून आधी पैसे घेऊन मग त्याला काम द्यायचे, हा त्या परंपरेचा अर्थ कधीच नव्हता.

अभ्यासाचे नुकसान होत नाही, हेही पडताळून पाहावे. खानापूर तालुक्यातून बेळगावला येणाऱ्या मुलाचे दिवसाचे दोन-तीन तास बस किंवा रेल्वेतच जातात. त्यावर ७५ टक्के हजेरीची अट असते. लक्ष्य पुरे करण्यासाठी रात्री एक-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बसणारा मुलगा सकाळच्या तासाला कोणत्या अवस्थेत असेल हे सांगायला नको. खऱ्या अर्धवेळ कामालाही ही मर्यादा लागू आहे, आणि ती मान्य करूनच काम निवडावे लागते.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळू. बेळगावात चांगल्या मोबदल्याचे अर्धवेळ काम मिळत नाही, असे म्हणणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. खडेबाजार किंवा गणपत गल्लीतल्या दुकानात सणासुदीला उभे राहणे, लग्नसराईत वाढपी म्हणून जाणे, घरच्या यंत्रमागासाठी कांड्या भरणे, ही कामे शहापूर, वडगाव, खासबागच्या मुलांना नवी नाहीत आणि त्यांत तासाचा दर कमीच पडतो. घरपोच सामान पोचवण्याचे काम थोडे बरे दिसते, पण त्यातून पेट्रोल आणि गाडीची झीज वजा करूनच कमाई मोजली पाहिजे. आणि अठरा पूर्ण होण्याआधी गाडी हाती घेतली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण ‘कमी मिळते’ आणि ‘मिळतच नाही’ यांत फरक आहे, आणि संदेशातला ‘भाषेची अट नाही’ हा दावा तो फरकच झाकून टाकतो. आपल्या भागात भाषेची अट आहे. ती ज्याला पुरी करता येते त्याच्या तासाची किंमत वाढते. मराठी माध्यमातून आलेली अनेक मुले कन्नडकडे केवळ अडथळा म्हणून पाहतात. त्यामागचा सीमावादाचा इतिहास मला ठाऊक आहे आणि या लेखाचा तो विषय नाही. व्यवहार मात्र असा आहे की जमिनीचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, अनुदानाचा अर्ज हे सारे कन्नडमध्ये असते, आणि खानापूर तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याला ते वाचून, समजावून, भरून देणारे माणूस हवे असते. सेवा केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, लेखापालांची कार्यालये यांना संध्याकाळी दोन-तीन तास बसणारा, दोन्ही लिप्या सफाईने टंकणारा मुलगा सहज सापडत नाही. मराठी शाळेतल्या मुलांना कन्नडची शिकवणी हवी असते आणि ती मराठीतून समजावून देणारे फार थोडे असतात.

मी पदवीला असताना शहापुरातल्या एका छापखान्यात संध्याकाळी लग्नपत्रिकांचे मुद्रितशोधन करत असे. पहिले वर्षभर केवळ मराठी पाहत होतो, तेव्हा मालक चहासह जे देत ते निमूट घेत असे. कन्नड पत्रिकेतल्या चुका पकडता येऊ लागल्यावर मी न मागता दर वाढला, कारण दुसरा माणूस ठेवण्याचा त्यांचा खर्च वाचला होता. (चुलत्याचे नाव गाळलेली पत्रिका छापून गेली तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला मुद्रितशोधकाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.)

शिकवणीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, गल्लीतल्या सहा मुलांना रोज एक तास शिकवले आणि प्रत्येकी ५०० रुपये घेतले, तर २६ तासांचे ३,००० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ११५ रुपये होतात. ना प्रवास, ना पेट्रोल. रक्कम ३०,००० च्या जवळपासही नाही, आणि म्हणूनच ती खरी आहे. याच धर्तीवर पदविका किंवा आयटीआय करणाऱ्याला यंत्राचे आरेखन संगणकावर करता येत असेल, वाणिज्य शाखेच्या मुलीला टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत नोंदी आणि जीएसटीची कागदपत्रे लावता येत असतील, तर उद्यमबागेतल्या लहान कारखान्यांत चौकशी करण्यात अर्थ आहे. पूर्ण वेळचा माणूस परवडत नाही असे कारखानदार तेथे अनेक आहेत. दर ठरवताना महिन्याचा आकडा ऐकून भुलू नये. तास किती, दिवस किती, पैसे कोणत्या तारखेला, हे आधी विचारावे आणि प्रवासाचा वेळही कामाच्या तासांत धरून भागाकार करावा. मुलींना २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, तेव्हा त्यांच्या हिशेबातून भाडे वजा होते, वेळ होत नाही.

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. संदेश, व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक पुसून टाकू नयेत. पुढे काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी थोडे शुल्क भरा’ असा दूरध्वनी येण्याचीही शक्यता असते, कारण एकदा फसलेल्यांचे क्रमांक या धंद्यात पुन्हा वापरले जातात.