पाल्यांस शिस्त लावू नये

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने, सुवाच्य अक्षरांत, सूचना आली : 'दुपारी १ ते ४ या वेळेत पाल्यांस शिस्त लावू नये. हुकमावरून.' नाव कुणाचंच नाही. पण कोथरूडच्या आमच्या या १२ बिऱ्हाडांत शिस्त लावण्याजोगा पाल्य एकच, आणि तो माझा.

झालं एवढंच, की चिरंजीवांनी धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर स्केचपेनने वनाज ते रामवाडी मेट्रो काढली. मी ओरडले. बरीच ओरडले. मग त्याला कोपऱ्यात उभं केलं. हल्ली वयाच्या वर्षाला एक मिनिट असा हिशेब असतो म्हणे. म्हणून ६ मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला बेल वाजली. दारात वरचे काका. बनियन, लेंगा, झोपमोडीने लाल डोळे.

"शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्ही बंद."

"काका, ते शाळेसाठी आहे."

"म्हणजे घरी छळायला मोकळीक?"

काका आत आले. चादर उजेडात धरून स्थानकं मोजू लागले. "पंधराच आहेत. येरवडा राहिलं."

"तिकडे आई मला पाठवणारे," कोपऱ्यातून आवाज.

"तुला किती मिनिटं?"

"सहा. मी सहा वर्षांचा आहे ना."

"आणि ओरडत कोण होतं?"

"आई."

"आई किती वर्षांची?"

"एक्केचाळीस!"

दार सताड उघडं. भिशीत मी अजून अडतीसची आहे. होते.

"मग आईने एक्केचाळीस मिनिटं गप्प बसायचं," म्हणून काका वर झोपायला गेले.

काकांचा राग आहेच. पण त्याहून जास्त सासऱ्यांचा. ज्यांनी माझ्या नवऱ्याकडून लाकडी फूटपट्टीच्या कडेने पाढे पाठ करून घेतले, ते हा सगळा वेळ नातवाला कोपऱ्यात बाकरवडी पुरवत होते. "लहान आहे गं तो." आणि नवरा तेव्हा काय निवृत्त झाला होता? तो यावर हसतो. फूटपट्टीचा विषय निघाला की हात मात्र अजून पाठीमागे नेतो. लाडाचं खातं या दोघांकडे, ओरडण्याचं माझ्याकडे, फळ्यावरही मीच.

चिरंजीवांना आता वाचता येतं. फळा त्यांनी दोनदा वाचलाय. आज ताटात पालकाची भाजी तशीच आहे, एक वाजायला चार मिनिटं आहेत, आणि तो त्यातला एकेक शेंगदाणा वेचून अतिशय सावकाश चावतोय.