'तंजावर झालं ना तुझं?'

पुण्यात दिवाळीच्या सुट्टीची चर्चा सुरू झाली की, 'केरळ झालं, राजस्थान झालं, आता काय राहिलं?' अशी भाषा हमखास कानावर पडते. गावे ही उरकण्याची वस्तू आहे, असे त्या 'झालं'मधून ध्वनित होते आणि अनेक वर्षे मीही तसाच प्रवास केला, हे आधीच कबूल करते.

बारा वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर तंजावरला गेले होते. राजराज चोळाने बांधलेल्या, हजार वर्षे उभ्या असलेल्या बृहदीश्वर मंदिरासाठी आम्हाला पाऊण तास मिळाला. त्यातला बराचसा चपला ठेवण्यात आणि सगळ्यांना एका फोटोत बसवण्यात गेला. पुढे भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकत असताना सरांनी बोलता बोलता सांगितले की, त्याच मंदिराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरवून घेतला आहे. ज्या आवारात मी फोटोसाठी हसत उभी होते, तिथेच माझ्या भाषेतला एवढा मोठा लेख होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, याची मनापासून लाज वाटली.

गेल्या वर्षी केवळ त्या भिंतीसाठी पुन्हा गेले. फरशी तापायच्या आत, सकाळी लवकर जाऊन बसत असे. लिपी देवनागरी, म्हणजे मोडीची विद्या तिथे उपयोगाची नव्हतीच; तरीही जुनी भाषा लावता लावता एकेका ओळीला दहा-दहा मिनिटे लागत. शहाजीराजांचे नाव सापडले तेव्हा मी ते मोठ्याने वाचले आणि शेजारून जाणारे एक तमिळ कुटुंब दचकून थांबले.

प्रवासात माणूस स्वतःला सापडतो, हे मला फारसे पटत नाही. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज सिग्नलला खोळंबतो, ते धोंडो केशव कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, 1929 मध्ये युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, ते महिला विद्यापीठाचे काम जगाला सांगायला आणि त्यासाठी पैसे जमवायला. आपला हेतू एवढा मोठा असण्याची गरज नाही. दमलेल्याने महाबळेश्वरला जाऊन नुसते झोपावे, तोही हेतूच आहे. परंतु निघताना मनात काहीच नसेल, तर परतताना फोनमधले फोटो तेवढे वाढलेले असतात.

माझी निम्मी भिंतही वाचून झालेली नाही. येत्या जानेवारीचे तिकीट काढले आहे आणि मैत्रिणी विचारताहेत, "परत तिथेच? तंजावर झालं ना तुझं?"