कडी नसलेली मुलं

जुळ्यांच्या बापाला लोक झोपेबद्दल विचारतात, दुधाबद्दल विचारतात, 'दोघं एकदमच आजारी पडतात का हो?' हेही विचारतात, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसते. मात्र कार सीटची कडी गेल्यावर त्या बापाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

तान्ह्या बाळाच्या कार सीटला वर उचलायची कडी असते. गाडीत तिचा बेस कायमचा बसवलेला असतो. त्यावर सीट खट्कन बसते, खट्कन निघते. बाळाला घरातच निवांत पट्टे बांधायचे, कडी धरायची आणि चालू लागायचं. मुलं दोन, कड्या दोन, हात दोन. निसर्ग आणि कारखानदार यांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्याही बाबतीत पाहिलेलं नाही. रिकामी सीटच चारेक किलोची, त्यात आठ किलोचं बाळ, म्हणजे प्रत्येक हाताला बारा किलो. माझे हात गुडघ्यांपर्यंत लांबत चालल्याची शंका बायकोने बोलून दाखवली होती. पण हिशेब जमत होता.

तो बिघडला डोक्यांमुळे. अशा सीटांना वजनाची मर्यादा असते, पुष्कळदा 13 किलोची, काहींना त्याहून जास्त. आमची दोघं त्यापासून बरीच लांब होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण बरीचशी बाळं वजनाच्या आधी उंचीनेच सीटबाहेर जातात. डोक्याच्या टोकापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत निदान अडीच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, असं माहितीपुस्तिका सांगते. मी पट्टी घेऊन बसलो. धाकटी जन्माला काही मिनिटं उशिरा आली आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत पुढे आहे. तिने पट्टी तोंडात घातली, तरी दिसायचं ते दिसलं. थोरल्याच्या डोक्यावर अजून ऐसपैस जागा होती. म्हणजे नियमाप्रमाणे एकाला कडी आणि एकीला नाही.

सासूबाईंचं लक्ष डोक्याकडे नव्हतंच, पायांकडे होतं. "किती दुमडलेत हो बिचारीचे पाय! आता सरळ पुढे तोंड करून बसवा की." पाय दुमडणं हे सीट लहान झाल्याचं लक्षण नाही, हे मी समजावून सांगितलं. समोरून धडक बसली, तर मागे तोंड केलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ तिन्ही सीटच्या पाठीवर एकदम रेलतात. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकतं आणि शरीराच्या मानाने जड असलेलं डोकं एकटंच पुढे झेपावतं, तेही एवढ्याशा मानेवर. माझं भाषण रंगात आलेलं असताना धाकटी स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती. दुमडलेल्या पायांचा मुद्दा तिने निकालात काढला.

मग मोठ्या सीट आल्या. आधी मागे तोंड करून आणि पुढे कधीतरी समोर तोंड करून वापरायच्या, वर्षानुवर्षं पुरणाऱ्या. सीटमध्ये गुडघा रोवून पट्टा ओढायचा, मग पट्टा जातो तिथे धरून हलवून बघायचं. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. (बालसंगोपनाची निम्मी इमारत अडीच सेंटिमीटरवर उभी आहे, असं माझं मत होत चाललंय.) सीट उत्तम आहेत, तक्रार नाही. फक्त त्या गाडीतून निघत नाहीत आणि त्यांना कडी नाही. तसं पाहिलं तर मुलांनाही नाही, पण हे इतके महिने जाणवलं नव्हतं.

आता रोज नदीकाठच्या नावाड्याचं कोडं. त्याच्याकडे निदान वाघ, शेळी आणि गवत असं वैविध्य होतं. माझ्याकडे दोन वाघ. दोघांना काखोटीला मारून गाडीपर्यंत येता येतं, पण दार कशाने उघडायचं? एकाला आधी गाडीत बसवून दुसऱ्याला आणायला जावं, तर गाडीत बाळ एकटं सोडायचं नाही, आणि हा नियम वादापलीकडचा. मग दोघांना बाबागाडीतून आणायचं, ती दाराला लावून ब्रेक दाबायचा आणि एकाला उचलायचं. उरलेल्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो विश्वासघात उमटतो, तो मोठ्या नटांनाही साधणार नाही. आधी कोणाला घ्यायचं, याचा आमच्याकडे एकच निकष: जो जास्त रडेल तो आधी. दोघांनाही हा निकष कळायला फार वेळ लागला नाही.

शिवाय पूर्वी पट्टे घरात बांधले जात. आता ते काम दारात अर्धा वाकून, डोकं छताला टेकवून करायचं. थंडीत जाड कोट घालून पट्टे बांधायचे नाहीत, कारण धडकेत कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून आधी कोट काढायचा, पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा जरा खालून आलेत का बघायचं, चिमटीत पट्ट्याची घडी येत नाही ना ते बघायचं, मग वरून पांघरूण. तेवढ्यात पांघरूण खाली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन सगळं पुन्हा, पण डाव्या हाताने.

आणि झोप! मुक्कामावर पोचताना दोघं गाढ झोपलेली असतात. पूर्वी सीटसकट अलगद घरात नेता यायची. तिथेही लगेच पलंगावर हलवायचं असतंच, कारण तशा अर्धवट बैठकीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो. पण निदान दारापर्यंत तरी शांतता होती. आता बक्कल उघडल्याचा खट् असा आवाज झाला की डोळे उघडतात. अंगाई म्हणून जे साधत नाही, ते उलट्या दिशेने बक्कल एका सेकंदात साधतं.

शेवटी बायको कामावर असताना सासूबाईच मदतीला यायला तयार झाल्या. पण मागे दोन सीटांच्या मध्ये धड पिशवी मावत नाही, म्हणून त्या पुढे बसल्या. मागची सीट तिरकी पसरलेली, त्यामुळे पुढची पार पुढे सरकवलेली. गुडघे छातीशी, पर्स हनुवटीखाली, अशा अवस्थेत त्या सगळा रस्ता ताठ मानेने बसून होत्या. पोचल्यावर मी उतरलो. मागे दोघांनी एका सुरात भोकाड पसरलं. मी सवयीने मागचं दार उघडायला गेलो, तेवढ्यात पुढून आवाज आला, "अहो, आधी मला काढा! मी रडत नाही म्हणून काय शेवटी ठेवणार?"