ताई, कात्रीला सहकार्य करा

ताई, सरकारने खर्चाला कात्री लावली आणि तुम्ही अजून अंथरुणात? पहाटेचा गजर बंद करून आणखी दहा मिनिटं पडून राहिलात, असं कानावर आलंय. हे काही बरं नव्हे. तिजोरीत खडखडाट आहे, तूट वाढते आहे, गुंतवणूकदारांचा जीव टांगणीला लागला आहे. त्या दहा मिनिटांत राष्ट्राचं केवढं काम उरकलं असतं!

घाबरू नका. काटकसर कशी होते ते एकदा नीट समजून घेतलं की मनाला फारसा त्रास होत नाही. अर्थमंत्री बोलायला उभे राहिले की टीव्हीचा आवाज वाढवा. ते सांगतील, देश चालवणं म्हणजे घर चालवण्यासारखंच, अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथे मान डोलवायची. घर तुम्हीच चालवता, तेव्हा हा तुमचाच गौरव आहे. फक्त घरात पैसे कमी पडले की तुम्ही काय करता, ते त्या क्षणी आठवू नका. तुम्ही आधी स्वतःचं ताट आखडता. मग मोठ्यांचं. पोराच्या औषधाला हात लावायची वेळ आली तर लाज गुंडाळून शेजारी उसने मागता, पण औषध आणता. तिजोरीचं घर उलट्या टोकाकडून चालतं. तिथे सुरुवातच पोराच्या औषधापासून होते, मग शाळा, मग म्हातारीची पेन्शन. कर्त्या पुरुषाच्या ताटापर्यंत जायचं तर आधी समिती नेमावी लागते आणि तिच्या अहवालाची वाट बघावी लागते. असो, घराण्याघराण्याची रीत वेगळी. लोकांच्या संसारात आपण नाक खुपसू नये.

आता कात्रीचं शास्त्र. पाळणाघर बंद झालं म्हणून पोरं एका रात्रीत मोठी होत नाहीत. रुग्णालयातल्या खाटा कमी केल्या म्हणून मोडलेली हाडं लवकर जुळत नाहीत. काम होतं तेवढंच राहतं. ते पगारपत्रकावरून उतरतं आणि तुमच्या घड्याळात येऊन बसतं. सरकारी भाषेत ह्याला बचत म्हणतात. तुमच्या भाषेत काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

समजा, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. पूर्वी बरेच दिवस ठेवून घेत असत, आता खाटा कमी, म्हणून लवकर घरी पाठवलं. रुग्णालयाच्या अहवालात एक सुंदर वाक्य जमा झालं: रुग्णांचा सरासरी मुक्काम घटला, कार्यक्षमता वाढली. तुमच्या घरात काय जमा झालं, ते बघा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला, टाचेला जखमा होतात. म्हणजे बाराचा गजर, दोनचा गजर, चारचा गजर. चादरीचं टोक त्यांच्या कमरेखालून सरकवायचं, एक हात खांद्याला, एक मांडीला, आणि ‘चला आई, या कुशीवर’ म्हणत सावकाश वळवायचं. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी. टाच लाल झालीय का, ते मोबाइलच्या उजेडात बघायचं. त्या झोपेतच म्हणतात, ‘तुला फार त्रास गं.’ तुम्ही म्हणता, ‘त्रास कसला.’ हे एवढं वाक्य मात्र जपून ठेवा. सगळा अर्थसंकल्प त्याच्यावर उभा आहे.

रुग्णालयात हेच काम शिकलेल्या दोघी मिळून करतात आणि आठ-दहा तासांनी त्यांची पाळी बदलते. घरी बदलते ती फक्त सासूबाईंची कूस.

इथे एक योगायोग सांगायला हवा. नर्सेस, शिक्षिका, पाळणाघरातल्या सेविका ह्या जगभर बहुतेक ठिकाणी बायकाच असतात. म्हणजे कात्री पदांवर चालली की घरी बसते तीही तुम्हीच, सेवा बंद झाली म्हणून अडते तीही तुम्हीच, आणि ती पोकळी भरून काढते तीही तुम्हीच. काल वॉर्डात पगार घेऊन दहाजणींची कूस बदलत होतात, आज घरात बिनपगारी एकीची बदलताय. एवढ्या एका बदलात सरकारचा तिहेरी फायदा! कुठल्या व्यवस्थापन संस्थेत हे शिकवत नसतील तर त्यांनी शिकवावं.

‘पण ह्या कामाची कुठे तरी नोंद होत असेल ना?’ असं तुम्ही भाबडेपणाने विचाराल. होते की. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ६४ देशांतल्या लोकांच्या वेळेचा हिशेब मांडला. घरातल्या आणि माणसं सांभाळण्याच्या बिनपगारी कामावर जग रोज १,६४० कोटी तास घालवतं. दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट राबावं, एवढं हे काम. त्यातलं तीन चतुर्थांश बायका करतात: बाई दिवसाला ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. ह्या तेवीस मिनिटांबद्दल पुरुषांचं कौतुक करायला विसरू नका, ते स्वतः विसरत नाहीत.

अहवालात नोंद झाली म्हणजे देशाच्या उत्पन्नात नोंद झाली, असा गैरसमज मात्र नको. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं ह्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आणि मोठ्या विद्वानांनी केले आहेत. त्यांच्यानुसार तुम्ही घरच्यासाठी डोक्यावरून पाणी वाहून आणलंत तर ते उत्पादनात धरता येतं. त्याच पाण्याने पोराला आंघोळ घातलीत, सासूबाईंची चादर धुतलीत, तर ते उत्पादन नव्हे. तेव्हा देशाची सेवाच करायची असेल तर पाणी आणा आणि तसंच ठेवून द्या. त्या नियमांत आणखी गंमत आहे. तुम्ही शेजारणीच्या सासूची पगारी सेवा केलीत आणि तिने तुमच्या सासूची केली, तर दोन्ही घरांचं काम तेवढंच राहून देशाचं उत्पन्न वाढतं. विकासदर घसरला की सुना बदलून बघायला हरकत नाही.

मदत मागायची वेळ आलीच तर तयारीने जा. श्रीमंती नुसती दिसली तरी चालते, गरिबी सिद्ध करावी लागते. खिडकीवर पेन असतं, ते सुतळीने टेबलाला बांधलेलं असतं आणि त्यात शाई नसते. अशा ठिकाणी विश्वासाचं वातावरण आहे असं समजून चालावं. खांद्यावर झोपलेलं पोर, काखेत फाइल, दातांत पिशवीचा बंद, आणि मोकळ्या हाताने ‘उत्पन्नाचा स्रोत’ हा रकाना भरायचा. पोर जागं झालं तर रांग सोडू नका. रडू द्या. खिडकीतले साहेब पोराच्या रडण्याला कधीकधी कागदपत्रांपेक्षा लवकर दाद देतात. (हे मी स्वतः पाहिलंय. पण दाद म्हणजे काम झालं असं नव्हे, ‘बाहेर घेऊन जा त्याला’ असंही असू शकतं.) पाळणाघर बंद, म्हणून पोर बरोबर आणावं लागलं, आणि पोर बरोबर असल्याने मुलाखतीला जाता येत नाही, म्हणून नोकरी नाही, म्हणून ही रांग. ह्या गोलाचं टोक शोधत बसू नका, ते सरकारनेही शोधलेलं नाही.

ह्या बाबतीत प्रगत देशांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ब्रिटनने २०१० पासून जी काटकसर केली ती अभ्यासावी. ‘आपण सगळे यात एकत्र आहोत’ असं तिथले नेते आवर्जून सांगत. २०१७ मध्ये संसदेच्या ग्रंथालयाने आकडेमोड केली, तेव्हा कर आणि मदतीतल्या बदलांचा ८६ टक्के भार बायकांवर पडल्याचं निघालं. म्हणजे एकत्र होतेच सगळे, उरलेले चौदा टक्के होते की शेजारी. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने नियम केला की सरकारी मदतीच्या घरात एखादी खोली ‘जास्तीची’ असेल तर मदतीतून भाड्याच्या १४ टक्के रक्कम कापायची. एका बाईच्या जिवावर तिचा जुना जोडीदार उठला होता, म्हणून तिच्या घरातली एक खोली खास मजबूत करून दिली होती. तो आला तर आत जाऊन दार लावून घ्यायला. कात्रीने मोजून सांगितलं: खोली जास्तीची आहे. २०१६ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालयही बहुमताने तेच म्हणालं. शेवटी २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात ती जिंकली. तेव्हा ताई, दार लावून घ्यायची खोली असेल तर तिच्यात चार जुनी खोकी भरून ठेवा, आणि मारेकऱ्याला यायचं झालं तर आधी कळवायला सांगा.

त्याच देशाने एप्रिल २०१७ पासून ठरवलं की मदत पहिल्या दोन मुलांपुरतीच. तिसरं मूल आईच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीने झालेलं असेल तर सूट होती. त्यासाठी आठ पानांचा फॉर्म होता, आणि त्या माणसाबरोबर आता राहत नसल्याचं लिहून द्यावं लागे. ह्या ठिकाणी मला विनोद सुचत नाही. फॉर्म तयार करणाऱ्याला पानं आठच का लागली, एवढंच मनात येतं. ही मर्यादा काढून टाकायची घोषणा २०२५ च्या नोव्हेंबरात झाली. तोपर्यंत साडेआठ वर्षं लोटली होती, आणि तिसरी मुलं काही वाट बघत थांबलेली नव्हती.

गरीब देशांना हे धडे आधीच मिळाले होते. १९८० च्या दशकात कर्ज देणाऱ्या जागतिक संस्था समजावून सांगत, की फुकट मिळालं की माणसाला त्याची किंमत राहत नाही, तेव्हा दवाखान्यात आणि शाळेत थोडीशी फी लावा. फी खरंच थोडीशी असे. घरात चार मुलं आणि फी दोघांची, एवढाच प्रश्न उरे, आणि त्याचं उत्तर कुठल्याही घराला पाठ असतं. मुलगी घरी राहते. घरी राहिली की धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, आजारी आजीजवळ बसते. एका कात्रीत शाळाही कापली जाते आणि पाळणाघराची गरजही. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शाळेची फी काढून टाकली, तर पटावरची मुलं सुमारे १९ लाखांवरून एका वर्षात ३० लाखांच्या घरात गेली. एवढी मुलं इतके दिवस कुठे होती म्हणे? शिक्षणाची किंमत कळावी म्हणून घरी बसली होती.

नवऱ्याला मदतीला बोलवावं का, हाही प्रश्न येतो. बोलवा, पण बेताने. त्याचीही नोकरी गेलेली असेल तर तो दिवसभर घरात असतो आणि घरात असणं हेच त्याला काम वाटतं. त्याच्या मानाला जपा. सरकारने अजून मानावर कात्री लावलेली नाही, तेवढीच त्याची शिल्लक. आणि ८ मार्चला तुमच्या सोशिकतेवर भाषण होईल, त्याला वेळ काढून जा. तुम्ही पाया आहात असं ते सांगतील. पायावर किती मजले चढवायचे हे पायाला विचारायची पद्धत नाही.

जाता जाता एक इशारा. आइसलँड नावाचा एक थंड देश आहे, तिकडे अजिबात बघू नका. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम केलं नाही. ऑफिसातलं नाही, घरातलंही नाही. बाप लोक पोरं काखोटीला मारून कामावर गेले. शाळा बंद पडल्या, कारखाने अडले. एका दिवसात देशाला कळलं की हिशेबाच्या वहीत एक पान कोरं सोडलं होतं. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा आला आणि १९८० मध्ये विग्दीस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. किती ही घाई! नशीब, तुम्हाला असला एक दिवस मोकळा मिळणार नाही. बाराला, दोनला आणि चारला तुम्ही घरात लागता.

थांबा, गजर वाजतोय. दोनचा असेल. सासूबाईंची डावी कूस राहिली आहे, आणि मोबाइलला चार्जिंग नाही. टाच अंधारातच चाचपून बघा.