जुना कागद वाचणार कोण?

जमीन हडप प्रकरणांसाठी गोव्यात २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला. चर्चा झाली ती दलालांची, राजकारण्यांची, पोलिसांची. पोर्तुगीज काळातली म्हणून पुढे केलेली बनावट विक्रीखतं खपतातच कशी, हे फारसं कुणी विचारलं नाही. माझ्या मते त्याचं एक कारण आपल्या कॉलेजांत आहे. तो कागद वाचून ‘हे खोटं आहे, आणि का ते सांगतो’ म्हणणारी माणसं आपण पुरेशी घडवलीच नाहीत.

बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न, ‘आर्ट्स घेवन कितें करतलो?’ त्याचं उत्तर मला एका कागदावरच द्यायचं आहे.

समजा, १९०५ सालचं म्हणून एक पोर्तुगीज विक्रीखत समोर आलं. आधी शुद्धलेखन बघायचं. पोर्तुगीज लेखनाची मोठी सुधारणा १९११ साली झाली. त्याआधी ‘फ’ उच्चाराच्या कितीतरी शब्दांत पी-एच लिहीत, अनेक शब्दांत व्यंजनं दुहेरी असत. १९०५ च्या कागदात सगळं नव्या वळणाचं दिसलं तर थांबायचं. याच्या उलट मात्र चालत नाही. १९११ नंतरही जुन्या सवयीचे कारकून जुनंच लिहीत राहिले, त्यामुळे १९२० च्या खतात जुनं लेखन आढळलं म्हणून ते खोटं ठरत नाही. नवशिके इथेच घसरतात.

मग पैसे. किंमत एस्कुदो या पोर्तुगीज चलनात असेल तर प्रश्नच मिटला, कारण एस्कुदो पोर्तुगालातच १९११ मध्ये आला आणि गोव्यात १९५९ मध्ये. टांगा, म्हणजे रुपयाहून लहान नाणं, त्याचा हिशेब जरा जास्त अवघड. १८७१ पूर्वी एका रुपयाचे दहा टांगे, नंतर सोळा. कागद कधीचा ते न बघता बेरीज केली की रक्कम जुळत नाही, आणि खरा कागदही खोटा वाटू लागतो.

मग कायदा. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. त्याखाली लग्न झालेल्या माणसाला पत्नीच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता सर्वसाधारणपणे विकता येत नसे. विकणारा विवाहित आहे आणि पत्नीचा खतात उल्लेखच नाही, तर विचारायला हवं. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या महालांतल्या, हिंदू कुटुंबांना काही वेगळे रिवाज लागू होते, म्हणून गाव कुठल्या महालातलं हेही ठाऊक असावं लागतं.

सगळ्यात भरवशाची परीक्षा चतुःसीमेची. पूर्वेला अमक्याचं भाट (बागायत), पश्चिमेला तमक्याचं शेत असं लिहिलेलं असतं. त्या शेजाऱ्यांची त्याच काळातली खतं काढा आणि त्यांत हा मालक सापडतो का बघा. बनावट कागद करणारा एक कागद करतो, चार शेजाऱ्यांचे कागद करायला तो सहसा जात नाही. शेवटी नोंदणीची मूळ वही. मागच्यापुढच्या नोंदी तारखेच्या क्रमाने आहेत का, अक्षर आणि शाई त्यांच्याशी जुळते का, पान वहीच्या शिलाईत आहे की मागाहून चिकटवलेलं? नुसत्या झेरॉक्सवर यातलं निम्मं दिसत नाही.

इतिहासाच्या वर्गात याला साधनांची बाह्य आणि अंतरंग परीक्षा म्हणतात. आपल्याकडे ती पाच गुणांची टीप म्हणून पाठ करून घेतली जाते! १५२६ च्या फोरालवर, म्हणजे गावकरी या गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या हक्क-रिवाजांच्या सनदेवर, मुलं दोन पानं उत्तर लिहितात आणि जुन्या दस्ताचं एकही पान न बघता पदवी घेऊन बाहेर पडतात. मानव्यविद्यांची किंमत कमी झाली असेल तर ती अशा शिकवण्याने झाली आहे, आणि हे मी फार कळकळीने म्हणतोय.

मोडीचंही तेच. अक्षरओळख काही महिन्यांत होते. शब्द न तोडता लिहिलेली ओळ वाचायला जास्त वेळ लागतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा आधार मिळत नाही आणि शब्द कुठे संपला ते संदर्भावरूनच ठरवावं लागतं. खरा घोटाळा सनात होतो, कारण जुन्या कागदांत सुहूर, फसली अशा वेगवेगळ्या कालगणना असतात. पेडण्याच्या एखाद्या कागदावर नुसतं ‘सन ११९१’ आहे असं धरा. सुहूर सन असेल तर ५९९ मिळवून १७९०-९१ येतं, फसली धरलात तर ५९० मिळवून १७८१-८२. नऊ वर्षांचा फरक. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांना मिळाला. म्हणजे सन चुकला की राज्यच बदललं, आणि कागद कुठल्या दफ्तरात शोधायचा तेही.

गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास लिहिला तो दोन्हीकडचे कागद वाचता येत होते म्हणून. दामोदर कोसंबी तर गणिती. आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी वापरात झिजतात आणि त्यांचं वजन घटत जातं, हे धरून त्यांनी संख्याशास्त्राने तक्षशिलेच्या नाण्यांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. त्याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. कोसंबींच्या नावाने पणजीत विचार महोत्सव भरतो, ते चांगलंच आहे. पण त्यांच्यासारखं काम करू बघणाऱ्या मुलीला सायन्स सोडून संस्कृत घ्यायचं असेल, तर आपण तिला वेड्यात काढतो.

‘आता हे सगळं एआय वाचेल’ असंही ऐकू येतं. हस्ताक्षर उलगडायला यंत्राची मदत होते, जरूर घ्यावी. पण यंत्र पुष्कळदा जुनं लेखन गुपचूप आजच्या वळणाचं करून टाकतं. म्हणजे वर सांगितलेला १९११ चा पुरावा नेमका पुसला जातो. मूळ पान शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडणारं माणूस तिथे लागणारच.

बी.ए.च्या मुलांना पहिल्याच वर्षी पुराभिलेखात, म्हणजे सरकारी जुन्या दफ्तरखान्यात न्या. वर्षभरात प्रत्येकाने एक कागद पुरा करावा: उतारा, भाषांतर, सनाचं गणित, चतुःसीमेची पडताळणी, आणि जे लागलं नाही त्याची स्वतंत्र यादी. गुण त्या यादीलाही द्या. कोमुनिदादच्या (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) जुन्या जाणत्यांशी बोलायला पाठवताना प्रश्न विचारायला शिकवा. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन. ‘खाजनाचा बांध सगळे गावकरी मिळून बांधायचे ना?’ असं विचारलं की ‘हो’च येतं. ‘बांध फुटला तर पहिला निरोप कुणाला जायचा?’ विचारलं की माणसं, मजुरी, भांडणं, सगळं बाहेर येतं.

आणि ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना हात जोडून विनंती. ते लॅमिनेट करू नका, ते प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद कागदात मुरून डाग पडतात. घडी जिथे झिजली आहे तिथे पुन्हा घडी घालू नका, सपाट ठेवून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, भिंतीला टेकलेल्या कपाटात तळाला ठेवू नका, पावसात तिथे ओल धरते. दिवसाउजेडी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी काढा, नोंदणीचा शेरा किंवा मोडीतली एखादी ओळ बऱ्याचदा तिथेच असते.